लस, जात आणि विश्वास : वस्तीला ‘अडाणी’ म्हणण्याआधी इतिहास वाचा

२०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना एक वाक्य सर्रास ऐकू येत होते : ‘खेड्यापाड्यातले अडाणी लोक लस घेत नाहीत.’ वाशीमसारख्या जिल्ह्यात ‘खेड्यापाड्यातले लोक’ म्हणजे बहुतेक वेळा बौद्ध वस्ती, मातंग वस्ती, बंजारा तांडा किंवा मुस्लिम मोहल्ला. लसीची भीती या वस्त्यांत होती. ‘लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो’, ‘मूल होत नाही’ अशा अफवा मोबाइलवरून घरोघरी पोहोचल्या होत्या. हे आम्ही नाकारत नाही. आमचा आक्षेप ‘अडाणी’ या शब्दाला आहे, कारण लस नाकारण्याचा या देशातला इतिहास काही वेगळेच सांगतो.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातले हे पहिले लसीकरण. तेव्हा लस बाटलीत येत नसे. एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव काढून दुसऱ्या मुलाच्या दंडात टोचायचा, अशी साखळी चाले. या साखळीसाठी टोचणारे बहुधा गरिबांची, ‘खालच्या’ मानलेल्या जातींची मुले धरून नेत. उच्चवर्णीय घरांचा मोठा आक्षेप नेमका इथे होता. अस्पृश्याच्या अंगातला द्रव आपल्या मुलाच्या अंगात कसा जाऊ द्यायचा? पुढे वासरापासून लस तयार होऊ लागली, तेव्हा गायीच्या नावाने नवा आक्षेप उभा राहिला. म्हणजे लसीला विरोध करण्यात शिकलेली, सोवळ्यातली घरेही होती, आणि लस ज्यांच्या दंडावरून पुढे गेली त्यात आमची लेकरे होती. त्या घरांना कोणी अडाणी म्हटले नाही. त्यांच्या विरोधाला ‘धार्मिक भावना’ असे भारदस्त नाव मिळाले.

पुढे विसाव्या शतकातही खुद्द मोहनदास गांधींनी आरोग्यावरच्या आपल्या लेखनात देवीच्या लसीला ठाम विरोध केला. त्यांनाही कोणी अडाणी म्हटले नाही.

आता आमच्या बाजूचा इतिहास. गावात पटकी आली की ती मरीआईचा कोप, देवी आली की शितळेचा कोप. मरीआईचे ठाणे बहुधा गावकुसाबाहेर, महारवाड्याच्या बाजूला. तिची सेवा महार-मांगांच्या गळ्यात आणि अंगावर आसूड मारून घेणारा पोतराजही आमच्यातलाच. रोग साऱ्या गावाचा, पण तो अंगावर झेलण्याचे काम एका जातीचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी जो धम्म दिला, त्याने ही वेठ मोडली. बुद्धाने कार्यकारणभाव शिकवला. ज्याला कारण आहे त्याला उपाय आहे. कालामांना त्याने सांगितले, की परंपरा म्हणते म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणूनही मानू नका, तपासून पाहा आणि हिताचे असेल ते स्वीकारा. रोगाकडे पाहण्याची आंबेडकरी दृष्टी हीच आहे. ती मरीआईला नाकारते आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या अफवेलाही नाकारते.

पण भीतीचे दुसरे कारण देवधर्मात नाही. ते सत्तेच्या वागणुकीत आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रुग्णांना जबरदस्तीने उचलून नेले जाऊ लागले. नेलेला माणूस परत येत नाही, हे चाळीतल्या कामगारांना दिसत होते. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. त्या हल्ल्याचे समर्थन होऊ शकत नाही, पण त्यामागची भीती खोटी नव्हती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि सरकारच्या हाती अमर्याद अधिकार गेले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोरोनासाठी लागू झाला तो हाच, सव्वाशे वर्षांपूर्वीचा कायदा.

त्याच काळात वाल्देमार हाफकिन मुंबईत प्लेगची लस तयार करत होते. झारच्या रशियात ज्यू म्हणून भेदभाव सोसलेला हा शास्त्रज्ञ. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिली लस स्वतःला टोचून घेतली. पुढची चाचणी भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर झाली. कैदी स्वेच्छेने पुढे आले, असे म्हटले जाते. गजाआडच्या माणसाची स्वेच्छा किती खरी, हा प्रश्न आपण आज तरी विचारायला हवा. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष लसीचा नव्हता, एका बाटलीत शिरलेल्या संसर्गाचा होता. पण हाफकिन निर्दोष ठरायला पाच वर्षे गेली, तोवर लोकांच्या मनात संशय मुरला होता.

आणि पुणे? शाळेच्या पुस्तकातला पुण्याचा प्लेग म्हणजे रँडचा जुलूम आणि २२ जून १८९७ रोजी चापेकरांनी झाडलेल्या गोळ्या. घराघरात शिरणारे गोरे सोजीर लोकांना असह्य झाले, हे खरेच. पण त्याच प्लेगमध्ये सावित्रीमाई आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांची सेवा करत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच माईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्यांच्या लेकराला त्यांनी पाठीवर घेतले. म्हणून ते लेकरू दवाखान्यात पोहोचले. रँडजवळ कायदा होता, शिपाई होते. माईंजवळ लोकांचा विश्वास होता.

आता पुन्हा वाशीमकडे येऊ. फेब्रुवारी २०२१ मध्ये या जिल्ह्याने दोन गोष्टी पाहिल्या. निर्बंध असतानाही २३ फेब्रुवारीला पोहरादेवीला एका मंत्र्याच्या समर्थनासाठी हजारोंची गर्दी जमली. आणि त्याच आठवड्यात रिसोड तालुक्यातील देगावच्या निवासी शाळेत २०० हून अधिक विद्यार्थी बाधित निघाले. रोग खरा होता, दारात उभा होता.

मग लस आली, पण कशी आली? १ मेपासून १८ ते ४४ वयोगटासाठी ऑनलाइन नोंदणी सक्तीची केली गेली. कोविन पोर्टल तेव्हा इंग्रजीत होते. मराठीत ते जूनमध्ये आले. ज्या मजुराकडे साधा फोन, त्याने स्लॉट कसा पकडायचा? शहरातली माणसे ग्रामीण केंद्रांचे स्लॉट पटकावून गाडीने गावात येतात, अशा तक्रारी राज्यभर झाल्या. सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीवर बोट ठेवले. नीती आयोगाने वाशीमची गणना आकांक्षित, म्हणजेच मागे ठेवलेल्या जिल्ह्यांत केली आहे. अशा जिल्ह्यात लस न मिळालेल्या माणसाला ‘लस न घेणारा’ ठरवणे ही शुद्ध लबाडी आहे. आणि दारोदार जाऊन समजावणाऱ्या आशाताईंना जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. विश्वास निर्माण करणाऱ्या बाईला राबवायचे फुकट आणि वर वस्तीत विश्वास नाही म्हणून ओरडायचे!

दुसरीकडे १४ मार्च २०२० रोजी राजधानी दिल्लीत हिंदू महासभेने कोरोनावर उतारा म्हणून गोमूत्राची पार्टी भरवली. चवदार तळे आपण शिवल्यावर ज्या पंचगव्याने ‘शुद्ध’ केले गेले, त्यातलेच हे औषध! ‘अडाणी’ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी आला नाही.

मित्रांनो, म्हणून आपली भूमिका स्पष्ट हवी. लस घ्यायची, घ्यायला लावायची, पण दंडुक्याने नव्हे. लसीकरणाची सक्ती करता येत नाही, शरीरावरचा हक्क कलम २१ मध्ये येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी सांगितले आहे. त्याच संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. दोन्ही कलमे एकत्र वाचली पाहिजेत. लसीचे दुर्मिळ दुष्परिणाम लपवू नयेत, ते मराठीत सांगावेत. लपवले की अफवा वाढते. ज्या देवीपुढे पिढ्यान्‌पिढ्या कोंबडे-बकरे कापले गेले, तो रोग मे १९७५ नंतर देशात दिसला नाही. तो लसीने गेला.

पुढची साथ येईलच. तेव्हा वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांतल्या आपल्या विहारांत लसीकरणाचे केंद्र मागा. वंदनेनंतर दहा मिनिटे लसीवर बोला. शंका विचारणाऱ्या म्हातारीला हसू नका. तिच्या शंकेमागे दोनशे वर्षांचा अनुभव आहे. तिला उत्तर द्या, आणि केंद्रापर्यंत सोबत चालत जा.

जय भीम! जय सावित्री!