हँडल फिरले, ब्रेक टिकला

सायकलचे हँडल किती फिरते? सुमारे एक काटकोन उजवीकडे, एक डावीकडे. त्यापुढे नेले की ब्रेकची वायर ताणते आणि हँडल अडते. आपल्या पिढीला यात कधी अडचण वाटली नाही. सायकल होती ती शाळेत जायला, दळण आणायला आणि पुढे ड्यूटीवर जायला. आजच्या मुलांचे तसे नाही. ती सायकलसकट उडी मारतात, हवेत असतानाच हँडलला पूर्ण गोल गिरकी देतात आणि चाके जमिनीला लागायच्या आत ते पुन्हा पकडतात. या करामतीला 'बारस्पिन' म्हणतात. तिच्यात पहिला बळी जातो तो ब्रेकचा.

आमच्या चिरंजीवांनी एके दिवशी विचारले, "बाबा, मागचा ब्रेक काढून टाकू का? हँडल मोकळे फिरेल." नोकरीची वीस-बावीस वर्षे डब्यांच्या ब्रेकवर काढलेल्या माणसाला हा प्रश्न! नुसते 'नाही' म्हणून भागणार नव्हते. म्हणून हँडलही फिरावे आणि ब्रेकही राहावा यासाठी जगात कोणी काय केले, ते शोधत गेलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

कॅलिफोर्नियातील सुरुवात

या खेळाचे माहेर अमेरिकेतील कॅलिफोर्निया. १९७० च्या सुमारास तिथल्या मुलांनी मोटारसायकलच्या शर्यतींची नक्कल करत वीस इंची चाकांच्या छोट्या सायकली मातीच्या ट्रॅकवर पळवायला सुरुवात केली. त्यातून 'बीएमएक्स' हा प्रकार जन्मला. दशक संपता संपता काही मुलांना शर्यतीपेक्षा कसरतीत जास्त रस वाटू लागला. बॉब हॅरो हा त्यांचा अग्रणी. त्याने १९८१ मध्ये बॉब मोरालेस याच्यासह अमेरिकेत प्रात्यक्षिकांचा दौरा केला आणि १९८२ मध्ये केवळ कसरतींसाठी बनवलेली सायकलची फ्रेम बाजारात आणली. त्याच वर्षी आलेल्या 'ई. टी.' या चित्रपटातील सायकलींच्या पाठलागात स्टंट करणाऱ्यांमध्येही तो होता.

हँडल फिरवण्याच्या करामती वाढल्या तशी वायरची अडचण पुढे आली. पुढच्या ब्रेकचे उत्तर सोपे होते. पुढचे चाक हँडलबरोबरच फिरते. त्यामुळे हँडलच्या दांड्याचा मधला बोल्ट पोकळ केला आणि वायर त्यातून खाली चिमट्यापर्यंत नेली की झाले. खरी पंचाईत मागच्या ब्रेकची. त्याचा दांडा फिरत्या हँडलवर आणि ब्रेक स्थिर फ्रेमवर. दोहोंना जोडणारी वायर पहिल्याच गिरकीत गळफास लावणार.

जायरोची युक्ती

१९८० च्या दशकाच्या मध्यावर ब्रायन स्क्युरा या अमेरिकन फ्रीस्टाइल सायकलस्वाराने यावर तोडगा काढला. तो 'जायरो' या नावाने प्रसिद्ध झाला. एसीएस कंपनीचे अशाच कामाचे साधन 'रोटर' नावाने विकले जाई. (डिस्क ब्रेकच्या चकतीलाही रोटर म्हणतात. ती वस्तू वेगळी.)

रचना पाहिली की मेकॅनिक माणूस खूश होतो. हँडलच्या खाली, हेड ट्यूबभोवती दोन कड्या बसवलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये छर्रे. वरची कडी हँडलबरोबर फिरते, खालची फ्रेमबरोबर स्थिर राहते. ब्रेकच्या दांड्याकडून येणाऱ्या वायरचे दोन फाटे होऊन ते वरच्या कडीला दोन बाजूंनी अडकतात. खालच्या कडीपासून तसेच दोन फाटे निघून मागच्या ब्रेककडे जातात. दांडा दाबला की दोन्ही कड्या मिळून वर उचलल्या जातात आणि खालच्या वायरी खेचल्या जातात. हँडल कितीही वेळा फिरवा, ओढ पोहोचते. फाटे दोन अशासाठी, की एकाच बाजूने ओढले तर कडी तिरकी होऊन अडकेल. दोन्ही फाटे सारखे ताणलेले नसले तर ब्रेक पोचट लागतो आणि कडी खडखडते. जायरोची तक्रार करणाऱ्या बहुतेकांची खरी चूक या जुळणीत असते.

मग आला तेलाचा ब्रेक

बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण सर्वजण शिकलो. त्यावर जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये लंडनला हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. मोटारींमध्ये हे तत्त्व माल्कम लॉकहीड याने आणले. त्याचे पेटंट १९१७ चे, आणि १९२१ च्या ड्युसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना तेलाचे ब्रेक आले. सायकलपर्यंत यायला आणखी बरीच वर्षे गेली. जर्मनीच्या मागुरा कंपनीने १९८७ मध्ये रिमवर दाबणारा तेलाचा ब्रेक आणला आणि १९९० च्या दशकात डोंगरी सायकलींवर तेलाचे डिस्क ब्रेक स्थिरावू लागले.

दोन बोटांनी दाबला तरी सायकल जागच्या जागी उभी करणारा हा ब्रेक. पण गिरकी घेणाऱ्यांचे कोडे त्याने पुन्हा जिवंत केले. वायर ओढायची असते, म्हणून ती कडीला अडकवता येते. तेलाचा पाइप ओढायचा नसतो. त्याच्या आत दाब कोंडून ठेवायचा असतो. मग स्वारांनी जुगाड केला. मागच्या ब्रेकचा पाइप जरुरीपेक्षा लांब घेऊन तो हेड ट्यूबभोवती गुंडाळायचा. एका दिशेला एक-दोन गिरक्या मिळतात, मग उलट फिरवून वेटोळे सोडवावे लागते. हवेत असताना हा हिशेब ठेवायचा म्हणजे कठीणच.

हा प्रश्न रेल्वेने आधीच पाहिला होता

फिरत्या सांध्यातून दाब पलीकडे न्यायचा, हा प्रश्न आपल्या रेल्वेला नवा नाही. रॉबर्ट फेअर्ली याने १८६४ मध्ये दुहेरी बोगीच्या इंजिनाचे पेटंट घेतले. वळणावर बोगी वळते, पण बॉयलर वळत नाही. मग सिलिंडरला वाफ द्यायची कशी? त्यासाठी लवचीक सांधे आले आणि त्यांच्या गळतीने सुरुवातीला चालकांना बेजार केले. पुढे गॅरट इंजिनांत हाच सांधा बोगीच्या खुंटाजवळ, गोलकाच्या आकाराचा करून बसवला. दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेत असे इंजिन १९११ मध्येच आले होते. आपले खडगपूर ज्या बंगाल-नागपूर रेल्वेने वसवले, तिने तर १९२९ पासून 'एन' वर्गाची प्रचंड गॅरट इंजिने मालगाड्यांना जोडली. त्यातले एक, क्रमांक ८१५, दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. मुलांना घेऊन गेलात तर त्याच्या बोगीचा सांधा जरूर दाखवा.

वाफेचे इंजिन थोडे गळले तरी पुढे जाते. तेलाच्या ब्रेकमधून चार थेंब गेले आणि हवा आत शिरली की दांडा मुठीला टेकतो आणि ब्रेक लागत नाही. म्हणून सील घट्ट हवे. पण सील फार घट्ट असले तर हँडल मोकळे फिरणार नाही. मोकळे ठेवावे तर गळणार, घट्ट करावे तर अडणार. ब्रामाच्या प्रेसलाही याच पेचाने छळले होते. त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ली याने कातड्याची वाटीसारखी वायसर बसवून तो सोडवला, असे सांगतात. दाब वाढला की वाटीची कड आपोआप भिंतीला चिकटते, दाब गेला की सैल होते.

हीच कल्पना रबरात आणली नील्स क्रिस्टेन्सन याने. हा डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेला इंजिनिअर. आधी त्याने ट्रामगाड्यांचे हवेचे ब्रेक बनवले होते. पुढे ब्रेकच्या पिस्टनवर काम करताना त्याने रबराची साधी गोल कडी नेमक्या मापाच्या खाचेत बसवली. दाब आला की कडी खाचेच्या एका बाजूला सरकून स्वतःच फट बंद करते. हीच आपली ओ-रिंग. पेटंट मिळाले १९३९ मध्ये, तेव्हा त्याचे वय सत्तरीच्या पुढे होते. आपल्या डब्यांच्या व्हॉल्व्हमध्ये आपण रोज जी बदलतो, ती हीच.

तेलाचा रोटर

आता सायकलचे उत्तर सोपे वाटेल. एक स्थिर कडी, तिच्याभोवती फिरणारी दुसरी, दोहोंमध्ये गोल खाच आणि खाचेच्या दोन्ही अंगांना सील. एका कडीतून तेल खाचेत येते, दुसरीतून बाहेर पडते. खाच पूर्ण वर्तुळाकार असल्याने हँडल कोणत्याही कोनात असले तरी वाट खुलीच. हवेत गिरकी घेताना स्वार ब्रेक दाबत नाही. त्या क्षणी दाब नसतो आणि सीलची पकड कमी असते. ब्रेक दाबला जातो तेव्हा गिरकी संपलेली असते आणि सील घट्ट बसते. २०१० च्या दशकात जर्मनीच्या ट्रिकस्टफ कंपनीने 'ट्रिक्सर' नावाने असा सांधा विकायला आणला.

तरीही अनेक नामवंत स्वार ब्रेकच लावत नाहीत. बीएमएक्स फ्रीस्टाइल टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, प्रथम खेळला गेला. तिथेही बिनब्रेकच्या सायकली दिसल्या. पण ते बंदिस्त पार्कमध्ये, हेल्मेट घालून, वर्षानुवर्षांच्या सरावानंतर खेळतात. आपल्या कॉलनीच्या रस्त्यावर गाय आडवी येते, शाळेची बस येते. बूट टायरवर घासून थांबण्याचा त्यांचा प्रकार पावसाळ्यात इथे चालणार नाही.

चिरंजीवांना हेच सांगितले. त्याच्या सायकलला वायरचाच ब्रेक होता, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून जायरो बसवला. फ्रेमला त्यासाठी आटे नव्हते, म्हणून वेगळी पट्टी घ्यावी लागली. दोन्ही फाटे सारखे ताणायला अख्खा रविवार गेला. आता हँडल फिरते आणि मागचा ब्रेकही लागतो.

पालकांना दोन सूचना. मुलाने हँडल मोकळे करण्यासाठी वायर काढली असेल तर रागावण्याआधी त्याला जायरो दाखवा. आणि तेलाचा ब्रेक असेल तर तेल कोणते ते कंपनीच्या पुस्तिकेत पाहूनच भरा. काहींना मिनरल ऑइल लागते, काहींना मोटारीत असते तसे डॉट फ्लुइड. चुकीचे तेल घातले तर सील फुगते किंवा खराब होते, आणि मग क्रिस्टेन्सनची कडीही वाचवू शकत नाही.

विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी मी मंडपाच्या जागी पाना-पकड घेऊन बसणार आहे. ज्यांना मुलांच्या सायकलचे ब्रेक तपासून हवेत, त्यांनी अवश्य यावे. चहा मंडळाकडून.