चाव्याची नोंद

कुत्र्यानें बोटास चावा घेतला, तर आपण डॉक्टरांकडे धांवतों. परंतु ती जखम कागदावर कशी उतरली, हें सहसा पाहत नाहीं. आज त्या कागदाचीच हकीकत सांगावयाची आहे.

लंडन शहरांत पूर्वीं मृत्यूंचीं पत्रकें निघत. जॉन ग्राँट यानें १६६२ सालच्या आपल्या ग्रंथांत १६३२ सालचें पत्रक दिलें आहे. त्यांत ‘पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा’ या सदरापुढें एकच आंकडा आहे : १. तो मनुष्य कोण, चावा कोठें बसला, उपचार केव्हां झाला, याचा मागमूस नाहीं. मनुष्य गेला, आणि इतरांनीं शिकावें असें कांहीं मागें राहिलें नाहीं.

आतां १८८५ साल पाहा. ४ जुलै रोजीं सकाळीं ८ वाजतां आल्सेस प्रांतांत जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलास पिसाळलेल्या कुत्र्यानें हातास, पायांस व मांड्यांस चावे घेतले. रात्रीं ८ वाजतां तेथील डॉक्टरांनीं जखमा कार्बोलिक आम्लानें डागल्या. ६ तारखेस पॅरिस येथें व्हुल्पियां व ग्रांशे या वैद्यांनीं जखमा मोजल्या. त्या १४ भरल्या. त्याच रात्रीं, चाव्यास ६० तास झाले असतां, लुई पाश्चर यांची लस प्रथम टोंचण्यांत आली. मुलगा वांचला. जागा, वेळ व संख्या लिहिलेली होती, म्हणूनच पुढील वैद्यांस तो उपचार ताडून पाहतां आला.

१८९३ सालीं झाक बर्तियाँ यांनीं मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी सादर केली. पण बोटाचा चावा खाऊन जगलेल्या मनुष्यास तींत स्थान नव्हतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ सालच्या सहाव्या आवृत्तींत जिवावर न बेतणारे रोग व इजाही आल्या. अमेरिकेंत १ ऑक्टोबर २०१५ पासून दहाव्या आवृत्तीचा विस्तृत पाठ चालू झाला. त्यांत उजव्या तर्जनीचा, नखास इजा नसलेला उघडा चावा म्हणजे ‘एस ६१.२५०’, डाव्या तर्जनीचा ‘६१.२५१’. नख दुखावलें तर अंक बदलतो. अंगठ्याचा अंक निराळाच. शेवटचें अक्षर ‘ए’ म्हणजे उपचार चालू, ‘डी’ म्हणजे पुढील देखरेख. कुत्रें चावलें हें ‘डब्ल्यू ५४.०’ या दुसऱ्या संकेतानें सांगावें लागतें.

तथापि संकेत सर्व सांगत नाहीं. जखम साबणपाण्यानें धुतली काय, कुत्रें ओळखीचें कीं भटकें, लसीची कितवी मात्रा झाली, हें डॉक्टरांनीं शब्दांतच लिहावें लागतें. अलर्काचीं लक्षणें एकदां दिसलीं, कीं रोगी बहुधा वांचत नाहीं. आणि बोटांत मज्जातंतूंचें जाळें दाट असल्यामुळें तेथील लहानसा चावाही हलका मानूं नये.

जन्मभर हजेरीपट भरलेल्या या शिक्षकाची एवढीच विनंति : जखम प्रथम १५ मिनिटें साबणपाण्यानें धुवावी, तत्काळ दवाखाना गांठावा, आणि कोणतें बोट, कोणता प्राणी, किती वाजतां, पुढील लस कोणत्या तारखेस, हें कागदावर आल्यावांचून तेथून उठूं नये.