विद्यार्थ्याची तयारी व गावाची तयारी

परदेशी विद्येसाठी जाणाऱ्या तरुणाने निघण्यापूर्वी काय काय तयारी करावी, हा प्रश्न पूर्वी एखाद्या भाग्यवान घरापुरता असे. आता तो तालुक्यातालुक्यांतून विचारला जाऊ लागला आहे. पदवीच्या अभ्यासक्रमातील एखादे सत्र दुसऱ्या देशातील विद्यापीठात काढावयाचे व पुन्हा आपल्या वर्गात येऊन बसावयाचे, ही सोय हल्ली अनेक महाविद्यालयांतून होऊ लागली आहे; आणि सह्याद्रीच्या पायथ्याची मुलेही तिचा लाभ घेऊ पाहतात, ही आनंदाची गोष्ट होय.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पोलादपूर तालुक्यातील एक विद्यार्थी याच कामासाठी आमच्याकडे आला. भूशास्त्राच्या अभ्यासासाठी त्यास जर्मनीतील एका विद्यापीठात जेमतेम सहा महिने राहावयाचे होते. हातात एक लांबलचक यादी होती: पासपोर्ट, व्हिसा, विम्याचे कागद, बँकेतील शिलकेचा दाखला, थंडीचे कपडे, मसाल्याच्या पुड्या. "सर, यात काही राहिलं असेल तर सांगा," एवढेच त्याचे मागणे होते. यादीत काही राहिले नव्हते. तथापि ती पुरी आहे असेही म्हणवेना. जे राहिले ते काय, याचा विचार करीत असता आमचे लक्ष आमच्याच भागाच्या इतिहासाकडे वळले. तेथे जे सापडले ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते नावाचे गाव लागते. १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म येथे झाला. वडील वकील, बालपण बहुतेक रोह्यास गेले. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली. पुढे महायुद्धाच्या ऐन धामधुमीत ते केंब्रिजला शिकले. वनस्पतिशास्त्र, रसायन व भूशास्त्र हे विषय घेऊन १९१७ साली तेथील पदवी घेतली. आणि केवळ लंडनमध्येच होणाऱ्या आय. सी. एस. परीक्षेत १९१८ साली पहिला क्रमांक पटकाविला. सावित्रीच्या खोऱ्यात जन्मलेल्या मुलाने साम्राज्याच्या राजधानीत पहिले यावे, ही गोष्ट लहान नव्हे.

या यशामागची तयारी पाहू लागलो म्हणजे असे दिसते की, ती बोटीत बसण्यापूर्वी कित्येक वर्षे चालली होती. सुशिक्षित घर, शाळेचे उघडे दार, शिष्यवृत्ती आणि संस्कृताचा पक्का पाया, एवढी शिदोरी त्यांच्याजवळ होती. आणि ती त्यांनी परदेशी टाकून दिली नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष अशी पदे भूषविणाऱ्या या गृहस्थाने मेघदूताचे मराठी भाषांतर केले व संस्कृतात कविताही रचल्या. परतीच्या वाटेवरही त्यांना अडथळा झाला नाही. सरकारी सेवेचे दार उघडेच होते; आणि १९५२ साली त्यांच्या जन्मजिल्ह्याने, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्याने, त्यांना लोकसभेवर निवडून दिले. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले, तेव्हा या निवडीचे ऋणही फिटले असे म्हणता येईल. येथे विद्यार्थी तयार होता व त्याला परत घेण्यास समाजही तयार होता.

आता त्याच काळातील दुसरे उदाहरण घेऊ. महाडच्या इतिहासात त्याचे स्थान याहूनही मोठे आहे. भीमराव रामजी आंबेडकर यांचे मूळ गाव आंबडवे हे शेजारच्या मंडणगड तालुक्यातले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे वडील निवर्तले. घरात कर्ता पुरुष गेलेला, हाताशी पैसा नाही, अशा स्थितीत त्याच वर्षी ४ जून रोजी या बावीस वर्षांच्या तरुणाने बडोदे संस्थानाशी करार केला. सयाजीराव गायकवाडांच्या दरबाराने दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षे द्यावयाचे. त्याने सांगितलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा व परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची चाकरी करावयाची. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

या तयारीतून आजच्या विद्यार्थ्याने घेण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. पहिली ही की, कोण किती देणार व त्याची परतफेड कशी होणार, हे निघण्यापूर्वीच कागदावर ठरले होते. त्या काटेकोरपणाचा जाच त्यांना पुढे झाला हे खरे. १९१६ साली ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत सरल्याने १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. निघताना मात्र त्यांनी चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन तो पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी घेऊन ठेवली होती. आणि १९२० साली स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या स्नेह्याचे कर्ज यांच्या बळावर ते खरोखरीच परत गेले. अपुरे काम टाकताना दार लावून न घेता लोटून ठेवावे, हा धडा सहा महिन्यांसाठी जाणाऱ्यास अधिकच उपयोगी आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मे १९१६ मध्ये कोलंबियातील एका चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला, तो भारतातील जातींच्या उत्पत्तीवर. न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी न्यूयॉर्कची नवलाई वर्णिली नाही; घरून नेलेला प्रश्न तेथील नव्या शास्त्राच्या उजेडात उलगडून पाहिला. ज्याच्यापाशी असा प्रश्न असतो त्याला परक्या ग्रंथालयात काय वाचावे हे कोणी सांगावे लागत नाही. ज्याच्यापाशी नसतो त्याच्या हाती छायाचित्रे तेवढी उरतात.

येथवर विद्यार्थ्याच्या तयारीविषयी झाले. आता गावाच्या तयारीकडे वळू. आंबेडकर अमेरिकेत शिकत होते त्याच सुमारास, १९१४ च्या आसपास, दासगावचा रामचंद्र बाबाजी मोरे नावाचा एक हुशार मुलगा शिष्यवृत्ती मिळवून महाडच्या इंग्रजी शाळेत आला. तो अस्पृश्य मानलेल्या जातीचा, म्हणून त्यास प्रवेश नाकारण्यात आला. बोभाटा झाल्यावर प्रवेश मिळाला. पण बसावयाचे वर्गाबाहेर! कोलंबियाचा वर्ग ज्या समाजाच्या तरुणास खुला होता, त्याच समाजाच्या मुलास महाडचा वर्ग बंद होता. अंतर मैलांत मोजण्याची आपली सवय किती फसवी आहे, हे यावरून ध्यानात येईल.

१९१७ साली परतलेल्या आंबेडकरांना बडोद्यास काय अनुभव आला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. करारानुसार ते चाकरीवर रुजू झाले. पण राहावयास जागा मिळेना. एका पारशी उतारगृहात ते पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. दरबाराने विद्यार्थ्यास परदेशी धाडण्याची सर्व तयारी केली होती. त्याला परत घेण्याची तयारी शहराने केली नव्हती. खर्च झालेला प्रत्येक पौंड या एका उणिवेमुळे त्या वेळेपुरता तरी वाया गेला.

महाडात ही दुसरी तयारी करू पाहणारी माणसे होती, हे आपल्या भागाचे भाग्य होय. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादुर बोले यांनी संमत करून घेतला होता. त्यास अनुसरून १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. सुरेंद्रनाथ टिपणीस व अनंतराव चित्रे हे त्या कार्यातील अग्रणी. आणि वर्गाबाहेर बसून शिकलेले ते रामचंद्र मोरे १९२७ च्या परिषदेच्या खटपटीत आघाडीवर होते! २० मार्च १९२७ रोजी लंडनचा बॅरिस्टर व दोन विद्यापीठांचा पंडित तळ्यावर उतरला व ओंजळभर पाणी प्यायला. पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. प्रतिनिधींवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. गावाची तयारी कागदापुरतीच होती, हे उघड झाले.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला आंबेडकर पुन्हा आले. 'पद्मावती' बोटीने ते दासगाव बंदरात उतरले व तेथून मिरवणुकीने पायी महाडास निघाले. परिषदेच्या मंडपास इतर कोणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी ती दिली. तळ्यासंबंधी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला होता. जमलेले हजारो लोक सत्याग्रहास उत्सुक असता त्यांना तळ्यावर न नेता न्यायालयाचा मार्ग धरण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. ती परदेशी घेतलेल्या विद्येची खरी कसोटी होती असे आम्हांस वाटते. खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निकाल त्यांच्या बाजूने दिला. कोलंबिया व लंडन मिळून सुमारे सात वर्षांचा अभ्यास. आणि घरच्या एका तळ्यासाठी दहा वर्षे!

यावर कोणी म्हणेल, हे थोरांचे दाखले सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या मुलास कशाला? आमचे उत्तर असे की, जो थोडे दिवस जातो त्याच्या बाबतीत तर परतणेच मुख्य असते. त्याचे आयुष्य येथेच जावयाचे आहे. तेथे जे शिकेल ते त्याने येथे सांगावयाचे, आणि आपण ते ऐकून घ्यावयाचे. महाडात आज बाबासाहेबांच्या नावाचे महाविद्यालय आहे. लोणेऱ्यास १९८९ साली स्थापन झालेले तंत्रशास्त्राचे विद्यापीठही त्यांच्याच नावाचे आहे. ही कृतज्ञता योग्यच होय. परंतु नाव देणे ही आठवण झाली, तयारी निराळी.

आमच्या विद्यार्थ्यास आम्ही अखेर विचारले, "तेथे जाऊन कोणता प्रश्न सोडवून आणणार आहेस?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, आमच्या बाजूचे डोंगर दर पावसाळ्यात खचतात. ते का, आणि आधी कळू शकतं का, एवढं मला बघायचं आहे." २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली, आणि त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही बळी गेले, हे त्याला आम्ही आठवून देण्याची गरज नव्हती.

यादीत राहिले होते ते हे. आम्ही ते तिच्या अगदी वर लिहिले, कपड्यांच्या व मसाल्याच्याही वर. त्याखाली तीन कामे नेमून दिली: निघण्यापूर्वी आपल्या खोऱ्यातील खचलेल्या जागा हिंडून टिपून घ्याव्या, म्हाताऱ्या माणसांना कोणत्या साली कोठे माती सरकली ते विचारावे, आणि खर्चाचा व परत आल्यावर धरल्या जाणाऱ्या गुणांचा हिशेब दोन्ही विद्यापीठांकडून लेखी घ्यावा. हे त्याचे काम. आता गावाचे काम उरले. सहा महिन्यांनी तो परत येईल, आणि अमुक उतारावर घर बांधू नका, तमुक वाडी पावसाळ्यापूर्वी हलवा, असे काही अप्रिय सांगू लागेल. तेव्हा 'काल गेलेले पोर, आज आम्हांला शिकवते!' असे म्हणून त्याला वर्गाबाहेर न बसविता चावडीवर बसवून त्याचे म्हणणे ऐकून घेण्यास आपण तयार आहोत काय? त्याची यादी आता पुरी झाली आहे. आपली अजून व्हावयाची आहे.