छातीत दुखतंय? ‘गॅस’ म्हणून थांबू नका

रमजानात इफ्तारनंतर छातीत जळजळलं की आपल्याकडे आधी सोडा पाजतात. वेळ तिथेच जातो. छाती आवळल्यासारखी वाटणे, कळ हातात किंवा जबड्यात जाणे, थंड घाम, धाप, हे काही मिनिटांत थांबले नाही तर हार्ट अटॅक धरूनच चालावे. मधुमेही आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसती मळमळ नि थकवा. आणि ‘साखर’ आपल्या घरोघरी आहे!

१०८ला फोन करा, रुग्णाला चालवू नका. मिरकरवाडा-राजिवड्याहून जिल्हा रुग्णालय जवळ. खाडीपलीकडच्यांनी तर मुळीच थांबू नये. पोहोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. तो नॉर्मल आला तरी दुखणे चालू असेल तर घरी परतू नका. पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिनच्या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. रोजा असला तरी औषध घ्यावे. आजाऱ्याला सवलत कुरआनानेच दिली आहे, कजा नंतर करता येतो.