बक्षीसपत्रातली एक ओळ

गेल्या सोमवारी दुसऱ्याच बातमीसाठी प्रांत ऑफिसला गेलो होतो. व्हरांड्यातल्या बाकावर एक आजी बसल्या होत्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदं. मला ऑफिसातला माणूस समजून त्यांनी एक दस्त पुढं केला. 2017 चं बक्षीसपत्र. राहतं घर धाकट्या मुलाच्या नावे, "नैसर्गिक प्रेमापोटी व आपुलकीपोटी". आता त्या त्याच घराच्या पडवीत राहतात. गुडघ्याच्या आणि बीपीच्या गोळ्यांचे पैसे मागितले की मुलगा म्हणतो, सांभाळायचं म्हणून कागदात कुठं लिहिलंय?

मी कागद दोनदा वाचला. खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून डोक्यात एकच विषय आहे. म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणं हे आपल्याकडं कायद्यात आलं तरी कधी? शोधत गेलो तर वाटलं होतं त्यापेक्षा गोष्ट बरीच अलीकडची निघाली. इंग्रजांच्या 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीचं कलम होतं, 488 नंबरचं. त्यात बायको होती, मुलं होती. आईबाप नव्हते. एकत्र कुटुंबात म्हातारा माणूस उपाशी राहील हे कायदा करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसावं, असं आपलं माझं मत. स्वातंत्र्यानंतर 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानं वृद्ध आईवडिलांची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली. पण तो फक्त हिंदूंपुरता, आणि दावा दिवाणी कोर्टात. दिवाणी दावा म्हणजे काय हे आपल्या तालुक्यात कुणाला सांगायला नको. सगळ्या धर्मांच्या आईबापांना मॅजिस्ट्रेटपुढं पोटगी मागायची सोय झाली ती 1973 च्या नव्या संहितेतल्या कलम 125 नं, 1 एप्रिल 1974 पासून. (आता जुलै 2024 पासून तेच कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 144 नंबरनं आहे.)

यातली एक केस आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. कल्याणला डॉक्टरकी करणाऱ्या एका विवाहित मुलीवर तिच्या वडिलांनी पोटगीचा अर्ज केला. मुलीचं म्हणणं, कलमात "त्याचे" आईवडील असं लिहिलंय, म्हणजे जबाबदारी मुलाची, लग्न झालेल्या लेकीची नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1987 साली निकाल लागला की स्वतःचं उत्पन्न असेल तर विवाहित मुलगीही जबाबदार. "लेक दिली, संपलं" म्हणणाऱ्या आणि वाटणीच्या वेळी तिच्याकडून हक्कसोड करून घेणाऱ्या आपल्या समाजानं हा निकाल दोन्ही बाजूंनी वाचावा.

त्यानंतर मोठा कायदा आला तो 2007 चा, आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. आजी प्रांत ऑफिसला आल्या त्या याच्याच आधारानं. अर्ज कोर्टात नाही, प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढं. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल लागावा, अपवाद म्हणून आणखी 30 दिवस. निर्वाहभत्ता महिन्याला जास्तीत जास्त 10 हजार. 2007 साली ही रक्कम बरी वाटली असेल. आज एखाद्याला डायलिसिसला न्यायचं, सोबतीला माणूस ठेवायचा, तर त्यात काय भागणार? याच कायद्यात जिल्ह्याला किमान एक, 150 जणांची सोय असलेला वृद्धाश्रम असावा असंही आहे. पण शब्द असा वापरलाय की सरकार तो काढू शकतं. काढलाच पाहिजे असं नाही. लातूर जिल्हा परिषदेनं 2020 साली आईबापांना न सांभाळणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कापायचा ठराव केला, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. पगार असेल तर कापता येईल. शेतकऱ्याच्या, हातगाडीवाल्याच्या पोराचं काय कापणार?

आजींचा प्रश्न मात्र कलम 23 चा. बक्षीसपत्र एकदा झालं की देणाऱ्याला वाटलं म्हणून मागं घेता येत नाही, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून चालत आलंय. 2007 च्या कायद्यानं त्यात एक खिडकी उघडली. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. सगळं अडतं ते "अटीवर" या शब्दापाशी. डिसेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अट होती हे दाखवावं लागेल. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच कोर्टानं जरा मोकळ्या मनानं पाहिलं आणि घर आईला परत दिलं. पण त्या आईकडं मुलानं लिहून दिलेलं वचनपत्र होतं. आमच्या आजींकडं फक्त मुलाचा शब्द.

आणि मध्ये 2015 साल आहे. त्या वर्षी राज्य सरकारनं घर आणि शेतजमीन मुलांना, नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क 200 रुपयांवर आणलं. निर्णय चांगलाच होता, कोर्टकज्जे वाचले. पण माझ्या डोळ्यांदेखत गल्लीतली निम्मी घरं जिवंतपणी पोरांच्या नावे झाली, आणि त्यातल्या कुणी दस्तात सांभाळण्याची एक ओळ घातली असेल तर मला माहीत नाही. मृत्युपत्र केलं असतं तर घर मरेपर्यंत आपलंच राहिलं असतं आणि मनात येईल तेव्हा ते बदलताही आलं असतं. पण मृत्युपत्राचं नाव काढलं की घरात सगळे गप्प होतात.

हे मी दुसऱ्यांचं सांगतोय असं नाही. आमचे अण्णा 78 वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी घर आम्हा दोघा भावांच्या नावे करायचं ठरलं तेव्हा कच्चा मसुदा मीच करून आणला होता, तोच ठरलेला नमुना. पत्रकार माणूस, रोज दुसऱ्यांचे कागद वाचतो, स्वतःच्या बापाचा वाचला नाही. अण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळं नोंदणी तेव्हा लांबली, एवढंच नशीब.

सोमवारी रात्री मसुदा काढला आणि अण्णांसमोर ठेवला. म्हटलं, राहणं, जेवण, औषधपाणी, दवाखाना आणि सोबत, हे सगळं अट म्हणून लिहू. नाहीतर मृत्युपत्र करू. दादा चिडला. "आपल्या घरात असलं लिहायची वेळ आलीय का?" म्हणाला. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा पुसून म्हणाले, "लिही. आणि तुझ्या आईचं नाव माझ्या आधी घाल. ती माझ्यामागं राहील."

आजींची तारीख पुढच्या गुरुवारी आहे. मी जाणार आहे. कुणाच्या घरात असा दस्त चालू असेल तर सही करण्याआधी इनबॉक्समध्ये विचारा. मी वकील नाही, पण कुठली ओळ शोधायची ते आता कळलंय.