वाळवंटात जळायला असतंच काय?

वाळवंटात वणवा लागला असं ऐकलं की पहिला प्रश्न येतो, अरे, पण तिथे जळायला असतंच काय? प्रश्न अगदी रास्त आहे. अमेरिकेतल्या ग्रेट बेसिन वाळवंटाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर कसं बदलत गेलं त्याचीच गोष्ट आहे.

ग्रेट बेसिन म्हणजे नेवाडाचा बराचसा भाग आणि आजूबाजूच्या राज्यांचे तुकडे. वाळूच्या टेकड्या, उंट वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. हे थंड वाळवंट. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात सगळं कोरडं ठणठणीत. इथलं मुख्य झुडूप सेजब्रश. राखाडी-हिरवं, उग्र वासाचं. ज्योतिबाला आपण दवणा वाहतो ना, त्याचं हे भावंडच. दोघांचंही शास्त्रीय आडनाव आर्टेमिसिया!

आता आग काही इथे नवीन नाही. वीज पूर्वीही पडायची, झुडपं पूर्वीही जळायची. पण दोन झुडपांच्या मध्ये उघडी जमीन आणि गवताचे विरळ झुपके. त्यामुळे आग बऱ्याचदा थोडं अंतर जाऊन विझायची. त्याच जागी पुन्हा आग लागायला कित्येक दशकं जायची, काही ठिकाणी शंभरच्या वर वर्षं.

हा मधला काळ फार महत्त्वाचा. कारण सेजब्रश जळलं की मेलं. काही झुडपं बुंध्यातून पुन्हा फुटतात, हे फुटत नाही. बी अगदी बारीक, बहुतेक आईच्या पायाशीच पडतं, आणि मातीत फार काळ जिवंत राहत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवर बॅकअप नाही, शेजारच्या मशीनवरून हळूहळू कॉपी करायचं. म्हणजे शेजारी जिवंत पाहिजे, आणि वेळ पाहिजे.

१८६९ मध्ये रेल्वेने अमेरिकेची दोन टोकं जोडली. गुरं-मेंढरं प्रचंड संख्येने या माळावर आली आणि त्यांनी मूळचं गवत चरून चरून संपवलं. त्या रिकाम्या जागेत १८९०च्या आसपास एक पाहुणा शिरला. चीटग्रास. मूळचं युरोप-आशियातलं, बहुधा गव्हाच्या बियाण्यात मिसळून आलेलं. नावातच फसवणूक आहे! १९३०पर्यंत ते जवळजवळ सगळीकडे पोचलं होतं. हे शरदात उगवतं, वसंतात भराभर वाढतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी कागदासारखं वाळतं. झुडपांमधल्या उघड्या जमिनीवर जणू कोणी वात पसरून ठेवावी तसं.

कंट्रोल सिस्टीम्समधला पॉझिटिव्ह फीडबॅक आठवतोय? (परीक्षेपुरता तरी?) अगदी तोच. आग लागते, सेजब्रश मरतं, जागा मोकळी होते, चीटग्रास वाढतं, पुढची आग आणखी लवकर लागते. आयडाहोत स्नेक नदीच्या मैदानाच्या काही भागांत दोन आगींमधलं अंतर पाच वर्षांच्याही खाली आलं. इतक्या वेळात सेजब्रश काय परत येणार?

मग कोणाला हे कळलंच नाही का? कळलं की! १९३४ मध्ये टेलर ग्रेझिंग कायदा करून सरकारी जमिनीवरच्या चराईला लगाम घातला गेला. पण तोवर गवत पसरून झालं होतं. अल्डो लिओपोल्डने १९४०च्या दशकात चीटग्रासवर निबंध लिहिला. गवतापेक्षा त्याला जास्त खटकलं ते हे, की लोकांनी ते निमूटपणे स्वीकारून टाकलं होतं.

आणि कहर म्हणजे १९५०-६०च्या दशकांत सेजब्रशच निरुपयोगी ठरवून लाखो एकरांवर ते मुद्दाम मारलं गेलं. तणनाशक फवारून, दोन ट्रॅक्टरांमध्ये जाड साखळी बांधून उपटून. का, तर गुरांना जास्त चारा मिळावा.

जुलै २०१८ मध्ये उत्तर नेवाडात मार्टिन फायर नावाचा वणवा ४ लाख ३५ हजार एकरांवर पसरला. म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ तिप्पट क्षेत्र. सेज ग्राऊस नावाचा पक्षी हिवाळ्यात जवळपास फक्त सेजब्रशची पानं खाऊन जगतो. त्याची मोठी वसतिस्थानं त्यात गेली.

अशा वणव्यांनंतर आता विमानातून सेजब्रशचं बी टाकतात, रोपं हाताने लावतात. ज्या झुडपावर एकेकाळी विमानातून विष फवारलं, त्याचंच बी! उंचावर, जिथे ओल जास्त, तिथे बऱ्यापैकी जमतं. सखल, कोरड्या भागात पुष्कळदा नाही.

रेल्वे, गुरं, गहू, चारा... यातला एकही निर्णय ज्याने त्याने घेतला तेव्हा वेडेपणाचा वाटला नव्हता. वाळवंटात जळायला काय असतं? पूर्वी फारसं नव्हतं. आपण आणून टाकलं. आणि आता झुडपाला हवी आहेत नुसती काही दशकं, आगीशिवाय. बी विमानातून टाकता येतं हो, वर्षं कुठून टाकणार?