कर्जाच्या कागदावरचे अवघड इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ

बँकेत सही करताना इंग्रजी मजकूर कुणी वाचत नाही. पण काही शब्द महाग पडतात.

गॅरंटर म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे, जामीनदार. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८ प्रमाणे त्याची जबाबदारी 'को-एक्स्टेन्सिव्ह', म्हणजे कर्जदाराइतकीच. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर बँक कर्जदाराला सोडून आधी थेट जामीनदाराकडे वसुलीला येऊ शकते. पाहुण्यासाठी केलेली 'फक्त एक सही' ती हीच!

प्लेजमध्ये वस्तू बँकेच्या ताब्यात जाते, उदाहरणार्थ सोनेतारण. हायपोथिकेशनमध्ये वस्तू आपल्याकडेच राहते, बोजा मात्र बँकेचा. गाडीच्या आरसीवर हाच शब्द असतो. कर्ज फिटल्यावर बँकेकडून फॉर्म ३५ आणि एनओसी घेऊन आरटीओकडून तो काढून घ्यायचा. मॉर्टगेज हा घर-जमिनीचा शब्द.

मोरॅटोरियमचं मूळ लॅटिन, 'मोरा' म्हणजे विलंब. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अनेकांना ती हप्तेमाफी वाटली. हप्ता पुढे गेला होता, व्याज चालूच होतं.

आणि लीन? खात्यात पैसे दिसतात, काढता येत नाहीत.